मासा पायाखाली आहे

माझा पुतण्या आयर्लंडहून मार्चमध्ये आला तेव्हा सामानात कपडे कमी आणि पेट्या जास्त होत्या. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या ओसरीवर त्यानं त्या उघडल्या आणि गल्लीतली पोरं भोवती गोळा झाली. पितळी चमचे, लाकडी मासोळ्या, रबरी बेडूक, पोलादी तारेचे तुकडे, वीतभर लांब चिमटे असा सगळा बाजार. तिकडे तो सुटीच्या दिवशी पाइक धरायला जातो. पाइक म्हणजे हिरवट अंगाचा, बदकाच्या चोचीसारख्या चपट्या तोंडाचा, थंड पाण्यातला शिकारी मासा. "काका, इथं पाइकसारखं काय मिळतं?" हा त्याचा पहिला प्रश्न.

प्रश्न चांगला होता. पाइक आपल्या नद्यांत नाही, पण त्याचा धंदा करणारे आहेत. दबा धरून बसायचं, जवळून जाणारा मासा किंवा बेडूक एका झेपेत तोंडात घ्यायचा आणि पुन्हा जागेवर जाऊन बसायचं. मरळ हे करते, शिवडा करतो, शिंगाळा आणि चितळ मासाही करतात. आणि हे सगळे आमच्या घरापासून पाचेक किलोमीटरवरच्या खारून नदीमध्ये, तिथून शिवनाथमध्ये आणि पुढे महानदीत आहेत. रायपुरातल्या, किंवा विदर्भातल्या वैनगंगेच्या काठच्या, ज्यांना हा नाद लावून घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी शब्दांचं. माझी बायको मालवणची. लग्न होऊन ती तात्यापाऱ्यातल्या आमच्या जुन्या घरी आली तेव्हा इथली छत्तीसगढी भाषा तिला परकी वाटायची. एक दिवस दारावर आलेली मासेवाली म्हणाली की तिचा मुलगा 'गरी खेले बर' गेलाय, आणि ही एकदम खूश झाली. कारण मालवणीत गळाला गरीच म्हणतात, आणि गळानं मासे धरणं म्हणजे गरवणं. समुद्रकाठचा शब्द महानदीच्या खोऱ्यात तसाच्या तसा. देशावरचा मी 'गळ' म्हणतो, ती 'गरी' म्हणते, आणि नदीवर तिचं लोकांना आधी कळतं. माशांच्या नावांचंही तसंच. आपली मरळ इथं भुंडा, तिच्या लहान बहिणी खोकसी. आपला शिवडा इथं पढिना. गांडुळाला गेंगरुआ आणि डोहाला दहरा म्हणतात. इथल्या कोळ्याशी, म्हणजे केवटाशी किंवा ढीमराशी, बोलताना एवढे सहा शब्द पाठ असले तर तो जी माहिती देईल ती कुठल्याही यंत्रावर मिळणार नाही.

पहिल्या सकाळी आम्ही शहराच्या वरच्या अंगाला, एका एनीकटच्या, म्हणजे आडव्या बांधाच्या, मागच्या साठलेल्या पाण्यावर गेलो. पुतण्यानं सात फुटी काठी सरसावली आणि चमचा असा भिरकावला की नदीच्या मध्यावर जाऊन पडला. फार देखणी फेक. पुन्हा फेक, पुन्हा फेक. तासभर काही नाही. शेजारी बांबूची डंगनी घेऊन बसलेला एक म्हातारा केवट बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "अतेक दूरिहा झन फेंक बाबू, मछरी तो तोर गोड़ तरी म हवय." एवढ्या लांब नको टाकू, मासा तुझ्या पायाखालीच आहे.

आमच्या पायाखाली बेशरमाची झुडपं पाण्यात झुकली होती आणि त्यांच्यात जलकुंभी अडकली होती. आम्ही धपाधप चालत येऊन, मोठ्यानं बोलत, नेमके त्यांच्या डोक्यावर उभे राहिलो होतो.

सगळी विद्या इथं आहे. शिकारी मासा उघड्या पाण्यात राहत नाही, आडोशाला राहतो. म्हणून नदीवर पोचल्यावर काठी उघडायची नाही. काठापासून आठ-दहा पावलं मागं थांबून दहा मिनिटं नुसतं बघायचं. बेशरमाचं झुडूप पाण्यात कुठं उतरलंय? जलकुंभीचा गालिचा कुठं संपतो? पडलेलं झाड, पुलाचा खांब, घाटाची बुडालेली पायरी, नाला नदीला मिळतो ती जागा, वाहतं पाणी आणि संथ पाणी यांच्यामधली रेघ, या सगळ्या जागा त्यांच्या. लहान मासे अचानक कारंज्यासारखे उडाले तर खाली कोणीतरी आहे. आणि पहिली फेक काठाला समांतर टाकायची, काठापासून हातभरावरून. मधलं पाणी शेवटी.

आता मरळ. पाइक थंड पाण्यातला, हिवाळ्यातही खाणारा. मरळीचं उलटं. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात ती सुस्तावते आणि होळीनंतर ऊन चढू लागलं की जागी होते. एप्रिल-मे तिचे महिने. त्याला एक कारण आहे. मरळीला कल्ल्यांखेरीज हवेतला श्वास घेण्यासाठी डोक्यात वेगळी पोकळी असते. गढूळ, गरम, प्राणवायू संपत आलेल्या डबक्यात बाकीचे मासे तडफडतात, तेव्हा ही दर थोड्या वेळानं वर येऊन हवेचा घोट घेते. बाजारात पातेल्यातल्या वीतभर पाण्यात ती जिवंत विकतात ती याच्या जोरावर. पण तिची ही ताकद तिची चुगलीही करते. संथ सकाळी वनस्पतींच्या कडेला 'गट्' असा जाड आवाज येतो, एक मोठा बुडबुडा फुटतो, वर्तुळ पसरतं. ती जागा लक्षात ठेवायची. मरळ घाबरली नसेल तर थोड्या वेळानं पुन्हा तिथंच येते.

तिच्यासाठी पुतण्याच्या पेटीतला एकच प्राणी कामाचा, पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन आकडे पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो जलकुंभीवरून न अडकता सरकतो. नवा बेडूक आणलात की आकड्यांची टोकं पक्कडीनं अगदी किंचित बाहेर वाकवा, नाहीतर मरळीचं कडक तोंड निसटून जातं. बुडबुड्याच्या जागेवर बेडूक टाकायचा नाही, चार-पाच हात पलीकडे टाकायचा. पडल्यावर तरंग विरेपर्यंत थांबायचं. मग दोन झटके, थोडी विश्रांती, दोन झटके. पानांच्या कडेला आल्यावर जास्त थांबायचं, कारण ती तिथंच वाट बघत असते.

आणि मग पाणी फुटतं. छातीत धस्स होतं आणि नव्वद टक्के नवशिके त्याच क्षणी काठी ओढतात. बेडूक उडून अंगावर येतो, मरळ गेली. पाणी फुटलं म्हणजे मासा लागला असं नाही. तिनं बेडूक तोंडात घेऊन खाली वळायला हवं. दोरी सरळ होऊन चालू लागली की मनात 'एक, दोन' म्हणायचं आणि मग वरच्या दिशेनं जोरात ओढायचं. ओढल्यावर मात्र दयामाया नको. दोन सेकंद ढील दिलीत तर ती मुळांमध्ये शिरते आणि तुमच्या हातात अर्धा किलो जलकुंभी येते. म्हणून इथं बारीक दोरी, मऊ काठी असली नजाकत चालत नाही. विणीची चाळीस पौंडी दोरी, पुढं हातभर जाड नायलॉन, काठी ताठ, चकरीचा ब्रेक घट्ट. तीन-चार हजार क्रमांकाची साधी फिरकी चकरी पुरते. महाग सामान घ्यायचंच असेल तर काठीवर नव्हे, दोरीवर आणि आकड्यांवर पैसे घाला.

बेडूक परवडत नसेल तर डंगनी आहेच. लांब बांबू, बांबूपेक्षा जरा आखूड दोरी आणि मोठा आकडा. केवट याच साधनानं, झुडपाच्या पोकळीत हळूच आमिष सोडून, आमच्यापेक्षा जास्त मासे नेतात. जिवंत मासोळी आमिषाला लावावी का, यावर आमच्या घरात वाद झाला. आयर्लंडमध्ये जिवंत मासा गळाला लावायला कायद्यानं बंदी आहे. इथं सर्रास लावतात. मी स्वतः लावत नाही. मेलेली ताजी मासोळी चालते, आणि रबरी बेडकावरची शिकार पाहिल्यावर दुसरं नकोसंच वाटतं.

मरळीबद्दल एक पथ्य मात्र सोडू नका. पाइक अंडी घालतो आणि निघून जातो. मरळीचं जोडपं घरट्याची राखण करतं, पिल्लं निघाल्यावर त्यांच्यामागं हिंडतं. ती पिल्लं लालसर-नारिंगी असतात. पाण्याच्या पृष्ठभागावर मुठीएवढा लाल पुंजका उकळल्यासारखा हलताना दिसला तर खाली आई-बाप आहेत आणि ते त्या पुंजक्याजवळ आलेल्या कुठल्याही वस्तूवर धावून जातील. तिथं मासा लागणं याहून सोपं काही नाही. म्हणूनच तिथं गळ टाकायचा नाही. एक जोडपं काढलं की तो अख्खा पुंजका इतरांच्या पोटात जातो.

खोल पाण्यात, खडकाळ जागी मोठी फुलमरळ असते, शेपटीच्या मुळाशी मोरपिसाच्या डोळ्यासारखा ठिपका असलेली. ती हातभराहून लांब वाढते. बेडकावर येते, पण लाकडी मासोळीवर जास्त.

शिवडा, म्हणजे पढिना, हा वेगळाच प्राणी. खवले नाहीत, अंग चांदीसारखं, पोटाखालचा पर शेपटीपर्यंत लांबच लांब आणि तोंडाची फाक डोळ्याच्याही मागं गेलेली. तोंड उघडलं की कळतं, दात म्हणजे ब्रशसारखे दाट पट्टेच्या पट्टे. पाइकशी खरी बरोबरी याचीच. तो दिवसा डोहाच्या तळाशी पडून असतो आणि अंधार पडू लागला की उथळ पाण्याकडे निघतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पूर ओसरून पाणी निवळू लागतं तेव्हा, संध्याकाळचा दीड तास त्याचा. महानदीत रेती उपसून झालेले खोल खड्डे, पुलाच्या खांबांमागची खोली, एनीकटखालचा डोह या त्याच्या जागा. इथं एक म्हण आहे, 'दहरा के भरोसा बाढ़ी खाना', म्हणजे डोहातल्या माशांच्या भरवशावर उसनं धान्य खाणं. डोहात मासा असतो हे सगळ्यांना ठाऊक, तो हातात येईल याची खात्री कुणाला नाही.

पढिन्याच्या बाबतीत माझी फजिती सांगतो. पुतण्यानं दोरीला पोलादी तार लावायला घेतली तेव्हा मीच म्हणालो, "तार कशाला? ते तुमच्या पाइकला. आपल्या माशाला नायलॉन पुरे." महानदीवर राजिमच्या वरच्या अंगाला, दिवेलागणीला, माझ्या चमच्याला काहीतरी लागलं. दणका नव्हता, नुसतं जड झालं, जणू गोणपाट अडकलंय. मग ते गोणपाट चालायला लागलं. पाच-सात मिनिटं मी खेचत होतो, तो डोकं झटकत होता, आणि मग दोरी सैल. ओढून पाहिली तर टोक तुटलेलं नव्हतं, कुरतडलेलं होतं, कानशीनं घासल्यासारखं. पुतण्या काही बोलला नाही. त्यानं फक्त तारेचा तुकडा माझ्यापुढं धरला. तर वीतभर तार लावा. चमचा किंवा लाकडी मासोळी तळाच्या जरा वरून, मरळीच्या निम्म्या वेगानं ओढा. थांबून थांबून.

या माशाला आययूसीएनच्या लाल यादीत 'असुरक्षित' गटात टाकलेलं आहे. एके काळी ढिगानं मिळणारा मासा आज त्या यादीत आहे, कारण पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर तो अंडी घालायला उथळ पाण्यात, बुडालेल्या शेतांत चढतो आणि नेमका तेव्हाच काठ्या-जाळ्यांनी मारला जातो. हाताला लागलेला मोठा पढिना मी परत सोडतो. घरी न्यायचाच तर एखादा मध्यम.

बाकीच्यांचं थोडक्यात. शिंगाळा तळाशी असतो, त्याला गांडुळांचा झुपका किंवा कोलंबी आवडते, रात्री चांगला खातो. चितळ मासा चपटा, पाठीला बाक असलेला, लहान चमच्यावर पहाटे येतो. बाम खडकांच्या कपारीत. महसीर मात्र विसरा. त्याचं वेड साहेबांनी लावलं, हेन्री सुलिवन टॉमसचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ सालचं, आणि गळाची हौस म्हणजे महसीर असं समीकरण तेव्हापासून बसलं. आमच्या सपाट, गढूळ खारूनला ते लागू नाही. शेततळ्यांतून निसटलेला थाई मांगूर कधी गळाला येतो, करड्या अंगावर संगमरवरासारखे डाग असलेला. त्याच्या पालनावर २००० सालापासून देशात बंदी आहे. एवढा एक मासा दया येऊनही परत नदीत सोडू नका. तो तिथल्या सगळ्यांना खातो.

कायद्याचं बघा, कारण पावसाळ्यात हौशी माणूसच जास्त उतावीळ होतो. छत्तीसगढमध्ये १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंद ऋतू. नदी-मत्स्योद्योगाच्या १९७२च्या कायद्यानुसार या दोन महिन्यांत नद्या, नाले आणि जलाशयांत मासेमारीला मनाई असते, मोडली तर दंड किंवा कैद. नदी-नाल्यांशी संबंध नसलेली छोटी तळी आणि जलाशयातले पिंजरे त्यातून वगळलेले आहेत. पण 'तळं मोकळं दिसतंय' म्हणून गळ टाकू नका. शहरातली, गावांतली बहुतेक तळी मच्छीमार समित्यांना किंवा गटांना पट्ट्यानं दिलेली असतात. त्यात मासा सोडायला कुणीतरी पैसे घातलेले आहेत. विचारलंत तर बरेचदा हो म्हणतात, थोडे पैसे घेतात. गंगरेल धरणावरही आधी विचारायचं. उदंती-सीतानदी किंवा बारनवापाराच्या जंगलातल्या पाण्यावर काठी उघडायचीच नाही, ती अभयारण्यं आहेत. आणि महादेव घाट, राजिमचा संगम इथं कायदा काहीही म्हणो, गळ लावणं बरं दिसत नाही. देहूला इंद्रायणीच्या डोहात कुणी लावत नाही, महानदीवर खाली संबळपूरजवळ हुमाच्या देवळापाशीही मासे असेच राखलेले आहेत.

एनीकटखाली मासा जमतो, म्हणून माणसंही जमतात, आणि दर वर्षी कुणी ना कुणी अडकतो. भिंतीच्या लगेच खालचं फेसाळ पाणी गोल फिरत असतं, त्यात पडलेला पोहणाराही बाहेर निघत नाही. तिथून पन्नास पावलं दूर. उन्हाळ्यात गंगरेलचं पाणी कालव्यानं खारूनमध्ये सोडतात, तेव्हा कोरड्या वाटणाऱ्या खडकावर सामान मांडून बसू नका. काठाला एक काटकी रोवून पाण्याची खूण करा आणि अधूनमधून बघत राहा. महानदीत रेतीवरून चालताना गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट पुरुषभर खड्ड्यात जाऊ शकतं, म्हणून हातात काठी, आणि एकट्यानं कधीच नाही. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. नदीवरून तारा गेल्या असतील तिथं फेकू नका, ढग गडगडले की काठी आडवी ठेवून निघा. बेशरमाच्या झुडपात पाय घालण्यापूर्वी आपटून घ्या, साप बाजूला होतात.

माशाचा आकडा काढायला वीतभर लांब चिमटा हवाच. पुतण्याच्या पेटीतली मला सगळ्यात पटलेली वस्तू ती. पढिन्याच्या तोंडात बोट घालायचं नाही. हात आणि जमीन आधी ओली करा, मासा तापलेल्या रेतीवर टाकू नका, आडवा आणि दोन्ही हातांनी आधार देऊन धरा. तिहेरी आकड्यांच्या नांग्या पक्कडीनं दाबून सपाट करून टाकल्या तर मासाही सुटतो आणि तुमचा अंगठाही. टेंगना, शिंगाळा यांच्या छातीपरांचे काटे करवतीसारखे असतात आणि सिंघीचा तर विषारी. काटा लागला तर सहन होईल एवढ्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास हात बुडवून ठेवा. ठणका उतरतो. मग जखम धुऊन डॉक्टरकडे, धनुर्वाताची सुई घ्यायला.

शहराचे नाले जिथं मिळतात त्याच्या खालचा मासा मी खात नाही, तिथं धरला तर सोडून देतो. उरला-सिलतराच्या कारखान्यांकडचं पाणीही त्याच हिशेबात. वरच्या अंगाचा, स्वच्छ पाण्यातला दीड-दोन किलोचा भुंडा मात्र घरी येतो.

त्या सुटीतला पहिला भुंडा पुतण्यानं चौथ्या दिवशी धरला. केवटानं दाखवलेल्या झुडपाखाली, काठापासून दोन हातांवर. घरी आल्यावर बायकोनं तो हातात घेऊन पाहिला. मरळीला बुळबुळीत आवरण असतं, सुरी घसरते, म्हणून ती आधी राख आणि जाड मीठ लावून खसाखसा चोळते, मग खवले काढते. काटे कमी, मांस घट्ट, तुकडे रश्श्यात फुटत नाहीत. तिनं कोकम घालून मालवणी तिखलं केलं. शेजारच्या छत्तीसगढी वहिनींनी चव घेतली आणि म्हणाल्या की पुढच्या वेळी डोकं मला द्या, आमसुलाऐवजी अमटहा कढी करून दाखवते. पुतण्यानं लगेच दुसऱ्या दिवशीचा गजर पहाटे साडेचारला लावला.